वर्ध्यातले तीन दिवस आणि आपलं कपाट

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. मी वीस वर्षांहून जास्त काळ पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते, या एका वाक्यात ती वाटचाल संपते. म्हणून विषय बदलून मागितला. जानेवारीत मी तीन दिवस वर्ध्याला मैत्रिणीकडे राहिले आणि आम्ही दोघींनी मिळून संग्रहालयं पाहिली, त्याबद्दल बोलणार आहे. मैत्रीण इथेच बसली आहे. ‘माझं नाव घेशील तर याद राख’ अशी तंबी तिने सकाळीच दिल्यामुळे नाव घेत नाही. तुम्ही ओळखलंच असेल, कारण शाळेत आम्हा दोघींचा बाक पाच वर्षं बदलला नव्हता.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी वर्ध्याला उतरले. घरी तर्री-पोहे आणि वर सांबार पेरलेलं. पुण्यात सांबार म्हटलं की लोक इडलीबरोबरची वाटी पुढे करतात. इथे कोथिंबीर मिळते, तेवढ्यानेच गावी आल्यासारखं वाटतं. पोहे खाताना मी बेत सांगितला, तर ती म्हणाली, “एवढ्या दुरून येऊन राहिली, अन् पाहून काय राहिली, तर मगनवाडी! आपण सहावीत पाह्यली नं.”

पाहिली होती, खरं आहे. पण शाळेच्या सहलीत संग्रहालय म्हणजे रांगेत आत जाऊन रांगेत बाहेर यायची जागा, आणि खरा कार्यक्रम डब्याचा. शिवाय अकराव्या वर्षी चरखा कुणाला नवा होता? कार्यानुभवाच्या तासाला तकली तर आपण फिरवतच होतो.

मगन संग्रहालयाबद्दल थोडं सांगते. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि बागेतलं घर दिलं, तीच मगनवाडी. सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजी इथेच राहत होते. लंडनला हिशेबतपासनीस झालेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा इथून संघाचं काम पाहत. संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झालं. नाव दिलं ते मगनलाल गांधींचं. हे गांधीजींचे चुलत पुतणे, साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक आणि सूतकताई-विणकामातले जाणकार. १९२८ साली ते वारले. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला नाव शोधत होते तेव्हा यांनीच ‘सदाग्रह’ सुचवलं होतं. त्यात बदल करून गांधीजींनी ‘सत्याग्रह’ केलं.

जुन्या वस्तू जपणं हा या संग्रहालयाचा मूळ हेतू नव्हता. ग्रामोद्योगांची अवजारं लोकांनी येऊन पाहावीत, हाताळावीत आणि आपल्या गावी जाऊन तशी करावीत, यासाठी ते उभारलं. त्या काळातली ती आजच्या तंत्रज्ञानाची जागा होती. आज तिथल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला ‘जुन्या’ वाटतात. पण नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी तिथे अजून होते, आणि मी एक साडी घेऊन आले.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती चरख्यांपाशी. एवढ्या प्रकारचे चरखे का? याचं उत्तर मला आधी वाचलेल्या एका गोष्टीत होतं, आणि ती सांगायचा मोह आवरत नाही.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळातले एक लाख. स्पर्धा परदेशी संशोधकांनाही खुली होती. अटी नीट ऐका. चरखा हलका हवा आणि इकडून तिकडे नेता यायला हवा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता यावा. एका बाईला फार न थकता सलग आठ तास काम करता यावं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. यंत्र भारतातच दीडशे रुपयांच्या आत तयार व्हावं. वेळेवर देखभाल केली तर ते न थांबता निदान वीस वर्षं चालावं. आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

सोळा हजार फूट म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. वर्ध्याहून सेवाग्रामच्या रस्त्याला धागा सोडत निघालो तर निम्मं अंतर ओलांडून पुढे जाईल, एवढं एका दिवसाचं सूत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ग्राहकाकडून मागणीपत्रं येतात. ‘यंत्रणा वेगवान असावी, सोपी असावी’ अशा वाक्यांची पन्नास-पन्नास पानं असतात. किती वेगवान, कुणासाठी सोपी, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. इथे अर्ध्या पानात सगळं आहे. कोण वापरणार, कुठे वापरणार, किती काम निघणार, किंमत किती, किती वर्षं टिकणार आणि दुरुस्तीला काय पडणार. आमच्या धंद्यात देखभालीचा वार्षिक करार किमतीच्या पंधरा ते वीस टक्क्यांच्या आसपास असतो. इथे पाच. आणि वापरणारी बाई थकता कामा नये, ही अट लेखी.

ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आपल्या किर्लोस्करवाडीला तयार झालेलं एक यंत्र कसोटीपर्यंत पोचलं होतं, पण त्यात ते उतरलं नाही. पुढे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी घडी घालून पेटीत मावणारा चरखा वापरात आणला, तो आपला पेटी चरखा. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांचा अनेक चात्यांचा चरखा आला. त्यांच्या नावावरूनच तो अंबर चरखा. म्हणजे तिथे ओळीने दिसतात ते नुसते चरखे नाहीत. एकाच प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरं आहेत, काही जमलेली, काही फसलेली. प्रश्न माहीत असेल तर एकेका चरख्यापाशी दहा मिनिटं सहज जातात. माहीत नसेल तर सगळे सारखेच दिसतात, आणि सहावीतल्या मुलीला डब्याची आठवण येते.

मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने एकच विचारलं, “हे इथे लिहून ठेवलं तर पोरं थांबतील नं?” हा प्रश्न पुढचे दोन दिवस आमच्याबरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सेवाग्राम आणि पवनार. जाताना लक्ष्मीनारायण मंदिरावरून गेलो. जमनालालजींनी १९२८ साली ते दलितांना खुलं केलं, हे आपल्याला इतिहासाच्या सरांनी नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितलं होतं. सर, ते आमच्या लक्षात आहे.

सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकायचं, म्हणून पुढे ते सेवाग्राम झालं. बापू कुटी मातीच्या भिंतींची, बांबूंची, स्थानिक साहित्यातून उभी केलेली. आधी ती मीराबेनची होती, आणि भिंतीवर मातीत उठवलेली चित्रं त्यांच्याच हातची आहेत.

इथे दोन वस्तूंकडे बघा असं मी प्रत्येकाला सांगेन. एक म्हणजे दूरध्वनी. व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने तो बसवून दिला होता. मातीच्या घरात, शेतांच्या मधोमध. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव वर्ध्यात मंजूर केला आणि महिनाभरात मुंबईला ‘भारत छोडो’ची घोषणा झाली. एवढं मोठं राजकारण ज्या गावातून चाललं, तिथल्या फोनची ती पेटी बघून आयटीतल्या माणसाला गप्प व्हायला होतं.

दुसरी वस्तू म्हणजे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. आश्रमात साप निघाला की मारायचा नाही. चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा. आमच्या मागे एक कुटुंब होतं. त्यातल्या लहान मुलाने विचारलं, ‘हे काय आहे?’ वडील म्हणाले, ‘चिमटा आहे, रोट्या शेकायचा असेल.’ मैत्रिणीतली शिक्षिका लगेच जागी झाली आणि तिने त्या मुलाला सापाची सगळी हकिगत सांगितली. मुलगा परत मागे जाऊन पिंजऱ्यापाशी उभा राहिला. वडीलही. वस्तू तीच होती. हकिगत कळल्यावर अहिंसा म्हणजे रोजचं किती खटाटोपाचं काम होतं, ते त्या लाकडात दिसायला लागलं.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. ते तिथे १९३८ साली राहायला आले, १९५९ साली त्यांनी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात तिथेच देह ठेवला. शेतात खोदताना निघालेली प्राचीन शिल्पं तिथे आहेत, त्यात राम-भरत भेटीचं सर्वांत प्रसिद्ध. एखाद्या मोठ्या संग्रहालयात ही शिल्पं काचेआड असती. इथे ती रोजच्या वावरात आहेत. आम्ही घाटावर बसून गोरसपाक खाल्ला आणि दिवस संपवला. गोरसपाकाबद्दल काही सांगत नाही, वर्धा जिल्ह्याच्या माणसांपुढे तो आगाऊपणा होईल.

तिसऱ्या दिवशी नागपूर. खरं तर अजब बंगला बघायचा होता, १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. पण मैत्रिणीचे बाबा म्हणाले, “मलेही ने वं पोरी, त्या मोतीबागेत.” काका चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर रेल्वेत, रुळांवर. गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं आपल्या पुलगाव-आर्वी लाइनीवर. पस्तीस किलोमीटरची ती छोटी लाइन आपण सगळे ओळखतो. तुमच्यापैकी काही जण त्या शकुंतलेने शाळेत यायचे, आणि उशीर झाला की गाडीचं नाव सांगून सुटायचे. ती गाडी आता धावत नाही. मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ च्या डिसेंबरात सुरू झालं, आणि असल्या छोट्या गाड्यांची आठवण तिथे जपलेली आहे.

काका तिथे इंजिनापाशी थांबलेच नाहीत. सगळे इंजिनाबरोबर फोटो काढत होते आणि हे खाली वाकून रूळ बघत होते. मग हातोड्यांपाशी आले आणि बोलायला लागले. चावीवाला रोज पहाटे आपल्या हद्दीतून पायी निघतो. खांद्यावर हातोडा. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांवर ठोका मारत जातो. “पाहत नाही जाये आम्ही, आयकत जाये,” काका म्हणाले. घट्ट चावीचा आवाज वेगळा, सैल चावीचा वेगळा. दोन रुळांच्या मध्ये सांध्याला फट सोडलेली असते, कारण उन्हात लोखंड वाढतं. फट कमी पडली तर मे महिन्यात रूळ वाकतो. म्हणून आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, जेव्हा जनावरंसुद्धा झाडाखाली असतात, तेव्हा दुपारची गस्त. “गाडी गेली की लोक डायवरले हात हालवत. आमाले कोणी नाही.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. हसत सांगितलं.

मी फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं. चव्वेचाळीस मिनिटं भरली. मैत्रीण चाळीस वर्षांहून जास्त त्या घरात ऊठबस करते, लेकच आहे ती. तरी परतीच्या वाटेवर म्हणाली, “हे बाबांनी मला कधीच नव्हतं सांगितलं.” काका पुढच्या सीटवरून म्हणाले, “तुवं इचारलं कवा?”

याच गाडीत शाळेच्या घंटेचा विषय निघाला. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो शकुंतलेच्या रुळाचा आहे, हे आपण सगळ्यांनी पाचवीपासून ऐकलेलं. काकांनी विचारलं, “त्याच्या पोटावर काय लिहेल आहे?” रुळाच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे पोटावर, कारखान्याचं नाव, साल आणि वजन असे ठसे उठवलेले असतात म्हणे. तीस वर्षांत कुणी वाचलेलं नाही, कारण दर पंधरा ऑगस्टला आपण त्यावर रंगाचा एक हात देत आलो आहोत.

आता मुद्द्यावर येते.

आपल्या तुकडीने शाळेला संगणक कक्ष दिला आहे. त्याचा हिशेब खजिनदार नंतर वाचतील. तो कक्ष कार्यानुभवाच्या जुन्या खोलीत होणार आहे, आणि त्यासाठी तिथलं मोठं लाकडी कपाट रिकामं करायचं ठरलं आहे. मी काल मुख्याध्यापकांच्या परवानगीने ते उघडून पाहिलं. आत काय काय आहे, ऐका. रबराने बांधलेल्या तकल्यांचा जुडगा. दोन पेटी चरखे, एकाची माळ गेलेली. एक धनुकली. लेझीम. तराजू आणि वजनं. फळ्यावरचे लाकडी कंपास आणि कोनमापक. आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र, ज्यावर आपल्या सहामाहीचे पेपर निघायचे आणि ज्याच्या शाईचा वास आला की पोटात गोळा यायचा.

हे सगळं भंगारात गेलं तर किलोच्या भावाने फारसे पैसे येणार नाहीत, आणि ठेवलं तर जागाही फारशी जाणार नाही. पण नुसतं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. वस्तू टिकते, तिच्याबद्दलची माहिती तिच्या कितीतरी आधी जाते, कारण ती माणसाजवळ असते. माझ्या कामात हे रोज दिसतं. वीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्राम बिनबोभाट चालू असतो. लिहिणारा निघून गेलेला असतो. तो असा का लिहिला हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून त्याला हात लावायला सगळे घाबरतात, आणि एक दिवस कुणीतरी वैतागून पुसून टाकतं. म्हणूनच आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि कशासाठी बदलली याची नोंद ठेवायची शिस्त आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. कपाट संगणक कक्षातच राहू द्यावं, एका भिंतीला, काचेची दारं लावून. दारांचा खर्च मी आणि मैत्रीण करू. प्रत्येक वस्तूपाशी एक कार्ड. त्यावर चारच गोष्टी. वस्तूचं नाव, आपण ज्या नावाने म्हणायचो ते. ती कोण आणि कधी वापरायचं. कशी वापरायची. आणि ही माहिती कुणी सांगितली. चौथी ओळ सोडायची नाही.

यासाठी लागणारी माणसं आज याच मंडपात आहेत, आणि म्हणून हे आजच बोलते आहे. कार्यानुभवाच्या बाई समोर बसल्या आहेत. पेळू किती ओढायचा म्हणजे सूत तुटत नाही, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. बाई, तुम्ही दहा मिनिटं सांगा, आम्ही रेकॉर्ड करतो. शिपाईमामा आले आहेत. मामा, सायक्लोस्टाइलचा रोलर किती दाबायचा आणि पेपर फुटू नये म्हणून स्टेन्सिल कुठे जाळायचात, आता सांगायला हरकत नाही. तुकडीतल्या प्रत्येकाने एक वस्तू वाटून घ्यावी आणि एका माणसाला गाठावं. तकली ‘अ’ तुकडीने घ्यावी, कारण तिचं सूत सगळ्यात जास्त तुटायचं.

आणि नव्या मुलांना संगणक शिकताना त्या चरख्याच्या अटींचं कार्डही समोर दिसू द्या. यंत्र कुणासाठी करायचं, तो माणूस किती थकेल, बिघडलं तर तो स्वतः दुरुस्त करू शकेल का, हे प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकाही पेपरात विचारले गेले नाहीत. ते आपल्याच जिल्ह्यात विचारले गेले होते. ही मुलं पुढे काय तयार करतील, ते हे प्रश्न त्यांना कोणत्या वयात भेटतात यावर बरंचसं अवलंबून आहे.

काका आज आले आहेत, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले आहेत. जेवणं झाल्यावर, चार वाजता, रंग खरवडायला तारेचे ब्रश घेऊन तिथे जमू या. घंटेबद्दलचं पहिलं कार्ड आजच लिहू.

 

ता. क. स्मरणिका छपाईला जाण्यापूर्वी संपादकांनी पुढची हकिगत मागितली, म्हणून थोडक्यात. रंगाचे थर निघायला दीड तास लागला. कारखान्याचं नाव आणि साल गंजाने गेलं आहे. ‘९० आर’ एवढं स्पष्ट वाचता आलं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, “नव्वद पौंडी. हा मोठ्या लाइनीचा रूळ व्हय. आपल्या गाडीचा याच्याहून कितीतरी हलका राहे.” बऱ्याच जणांची निराशा झाली. मोठ्या लाइनीचा रूळ आर्वीला कसा आला, हे आता शोधायचं आहे. आतापर्यंत एकवीस वस्तूंची चौदा कार्डं झाली आहेत. ज्यांनी वस्तू घेतल्या पण कार्ड दिलेलं नाही, त्यांनी लवकर द्यावं. कपाटाला काचा बसल्या आहेत.